'बोल्ट-इन' म्हणे! १९६९च्या कमॅरोत फायरवॉलमधून घातलेले ब्रेस, दोन उन्हाळ्यांनंतर

हा किट म्हणजे जुन्या कमॅरोची बॉडी ताठ करणारे लोखंडी पाइप (ब्रेस), जे फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून, आरपार जातात. घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. वस्तू चांगली आहे, सूचनापत्रक भिकार आहे, आणि तुमच्या गाडीचे बॉडी माउंट (पुढची फ्रेम आणि बॉडी यांच्यामधले टेकू) अजून रबराचे असतील तर हा किट इतक्यात घेऊ नका. मी घेतला, बसवला, सगळा उतरवला आणि परत बसवला. दुसऱ्यांदा जमला.

आता गाडीबद्दल. १९६९ची शेव्हरले कमॅरो, ओहायोतल्या नॉरवुडच्या कारखान्यातली, रंग फॅदम ग्रीन. झी-२८ नाही, एसएससुद्धा नाही, साधी कूपे. त्या मॉडेल-वर्षी दोन लाख त्रेचाळीस हजारांवर कमॅरो निघाल्या, तेव्हा तिच्या पत्र्याला हात लावताना मला काही पाप-बिप वाटत नाही. (दुर्मिळ गाडीला मी ड्रिल लावणार नाही. तुम्हीही लावू नका.) मूळ इंजिन आधीच्या मालकानेच काढलं होतं, त्या जागी आता ६.२ लिटरचं एलएस-३ (शेव्हरलेचंच, अलीकडचं व्ही-८) आहे, ४३० हॉर्सपॉवरचं. टायर मी बदलले, पुढे २४५ मिलिमीटर रुंद, मागे २७५, सतरा इंची रिमवर.

आणि तिथूनच सगळं सुरू झालं. ही बॉडी आखली गेली तेव्हा गाड्यांना चौदा इंची, अरुंद, जुन्या धाटणीचे बायस-प्लाय टायर असायचे. वळणावर ते लवकर सुटायचे, त्यामुळे बॉडीला फारसा त्रासच व्हायचा नाही. आजचा टायर सोडत नाही. मग तो जोर जातो कुठे? गाडीच्या हाडांत.

माझ्या घराचा ड्राइव्हवे रस्त्याला तिरका मिळतो. रिव्हर्स घेताना एक मागचं चाक आधी खाली उतरतं, आणि त्या क्षणी ड्रायव्हरच्या बाजूचं दार जुन्या वाड्याच्या दिंडीसारखं कुरकुरायचं. आय-७५ महामार्गावर काँक्रीटच्या सांध्यांवरून ताशी साठ-पासष्ट मैलांच्या वेगाने गेलं की आरशातला मागचा ट्रक दोन-दोन दिसायचा. नोकरीत मी दिवसभर हेच करते, आवाज आणि कंप मोजणं. डेट्रॉइटच्या परिसरात पुण्या-पिंपरीकडचे इंजिनिअर पैशाला पासरी आहेत, त्यातलीच मी एक, निगडीची. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचा खडखडाट काढायचा आणि संध्याकाळी स्वतःचा घेऊन हिंडायचं, हे काही बरं दिसेना.

आता थोडं हाडांबद्दल, कारण त्याशिवाय हा किट कशासाठी ते कळणार नाही. पहिल्या पिढीच्या कमॅरोला (१९६७ ते ६९) पूर्ण चासी नाही आणि पूर्ण युनिबॉडीही (वेगळी चासी नसलेली, बॉडीनेच भार पेलायची रचना) नाही. फायरवॉलच्या मागे युनिबॉडी. पुढे इंजिन, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन पेलणारी एक वेगळी सबफ्रेम, आणि ती बॉडीला रबराच्या माउंटांवर बोल्टने टांगलेली. पुढचे फेंडर, आतले फेंडर, रेडिएटर सपोर्ट हे सगळं नट-बोल्टचं. त्यावर ताकदीची भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे पुढच्या चाकाला बसलेला धक्का बॉडीपर्यंत पोचतो तो सबफ्रेमच्या दोन भुजांतून आणि रबराच्या त्या गोळ्यांतून. छान मऊ चालते, यात वाद नाही. कंपनीने विचारपूर्वकच केलं होतं ते. कन्व्हर्टिबल कमॅरोला तर थरथर मारायला कोपऱ्यांत स्प्रिंगवर तरंगणारी वजनं बसवलेली असायची. त्यांना इकडे 'कॉकटेल शेकर' म्हणतात. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते बघून भरून येतं.

मस्टँगवाल्यांचं सोपं आहे. त्यांचे शॉक टॉवर (सस्पेन्शन वर जिथे टेकतं ते उंचवटे) बॉडीचाच भाग असतात, त्यामुळे दोन टॉवर आणि काउल (पुढच्या काचेखालचा पोकळ भाग) यांना जोडणारी एक्स्पोर्ट ब्रेस आणि टॉवर-टू-टॉवर मॉन्टे कार्लो बार टाकला की पुढचा त्रिकोण बांधला जातो, सगळं बॉनेटखाली, फायरवॉलला भोक न पाडता. कमॅरोत वर बांधायला टॉवरच नाहीत. जोर आहे खाली सबफ्रेममध्ये, आणि तो पेलू शकेल अशी पहिली दणकट जागा म्हणजे दाराच्या बिजागऱ्यांचे खांब. मध्ये फायरवॉल. ती मिलिमीटरभर जाडीची. तिलाच पाइप टेकवला तर तेलाच्या डब्याच्या झाकणासारखी आत-बाहेर टणटण करील. म्हणून पाइप तिच्यातून आरपार न्यावा लागतो.

किट येतो तो असा. डॅशबोर्डच्या खालून आडवा जाणारा दीड इंची पाइप, त्याची दोन्ही टोकं बिजागरीच्या खांबांना जाड प्लेटांनी बोल्ट होतात. त्याच टोकांजवळून दोन आखूड तुकडे फायरवॉलकडे जातात. फायरवॉलच्या पलीकडून, इंजिनच्या बाजूला, दोन लांब पाइप खाली सबफ्रेमवर, वरच्या कंट्रोल आर्मच्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भुजेच्या) मागच्या बाजूला उतरतात. सगळं मिळून बाथरूमच्या वजनकाट्यावर ३४ पाउंड भरलं. किंमत ७८० डॉलर, पाठवणावळ वेगळी. बनवणारं दुकान लहान आहे. नाव घेत नाही, कारण तक्रारीही बऱ्याच आहेत.

कौतुकाची गोष्ट आधी. फायरवॉलवरचा सांधा फार डोकं लावून केलाय. आतली प्लेट आणि बाहेरची प्लेट यांच्यामध्ये पत्रा चिमटून बोल्ट आवळले असते तर पत्र्यावरची डांबरी पॅड हळूहळू दबली असती आणि बोल्ट सैल पडले असते. इथे आतल्या प्लेटला मधोमध उंचवटा दिलाय. तो दोन इंची भोकातून पुढे येतो आणि बाहेरच्या प्लेटला लोखंडाला लोखंड टेकतो. पत्रा नुसता सीलपुरता मध्ये राहतो. वेल्डिंगही देखणं, टाके सारखे. पाइप साधा कोल्ड-ड्रॉन स्टीलचा आहे, क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं जास्त मजबूत स्टील) नाही, आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर लक्ष देऊ नका. कडकपणा मिश्रधातूवर नसतो, पाइपाच्या व्यासावर आणि जाडीवर असतो. दोन्ही लोखंडं सारख्याच आडमुठेपणाने वाकतात. क्रोमोली तुटायला उशीर लावतं, पण हे पाइप तुटण्याच्या जवळपासही जात नाहीत.

'बोल्ट-इन' या शब्दावर मात्र माझा राग आहे. बोल्ट काढता येतात, दोन इंची भोक काढता येत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं भोक जिथे पडतं तिथून वर, डाव्या कोपऱ्यात, गाडीची ट्रिम टॅग रिव्हेटने ठोकलेली असते. कारखान्याचा संक्षेप, बॉडीचा नंबर, रंगाचा कोड, तिची जन्मपत्रिकाच म्हणा. माझ्या टॅगवर रंगाच्या जागी ५७, ५७ आहे, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे फॅदम ग्रीन. किटबरोबर आलेला कागदी साचा मी चिकटवला तर प्लेटचा वरचा कोपरा टॅगच्या अगदी जवळ आला. सूचनापत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही. पत्रक म्हणजे दोन पानं, त्यातलं एक पान फोटोंचं, आणि फोटो रिकाम्या इंजिन-बेचे. गाडीत इंजिन असतं हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

त्या वर्षी बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. टेल्कोच्या पिंपरीच्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) हातात घेतल्यावर मला म्हणाले, "अगं, भिंतीला भोकं पाडून घर मजबूत करताना पहिल्यांदाच बघतोय." आणि मग स्वतःच साचा हलवून, काटकोन्या लावून, टॅगपासून बोटभर अंतर सुटेल असं सेंटर पंच मारून दिलं. प्लेटचा तो कोपराही त्यांनीच कानसून गोल केला. भोक पाडल्यावर मी लगेच प्लेट लावायला निघाले तर हात धरला. "बर काढ आधी, काठाचे ते काटे. आणि उघड्या काठाला प्रायमर. लोखंड उघडं ठेवून जेवायला जाऊ नये." होल सॉचा बारीक किस काउलच्या पोकळीत पडला तर तिथेच गंजतो, आणि या गाड्यांचं काउल आधीच गंजाचं माहेरघर. म्हणून मी आतून चुंबक फिरवलं, वर व्हॅक्यूम लावला, आणि मगच प्रायमर.

सील लावून झाल्यावर आम्ही टॉर्चची परीक्षा घेतली. रात्री गॅरेजचे दिवे बंद, बाबा बॉनेटखाली झगझगीत टॉर्च घेऊन, मी आत पायांच्या जागेत पाठीवर आडवी. चार ठिकाणी उजेडाचे टाचणीएवढे ठिपके दिसले. त्यातले तीन माझ्या भोकांचे नव्हतेच, पन्नास वर्षांपूर्वीच्या कारखान्याचे होते. ही परीक्षा चुकवू नका. फायरवॉल हे नाव उगाच पडलेलं नाही. जिथून उजेड येतो तिथून धूर आणि कार्बन मोनॉक्साइडही येतो. मी वर एक बॅटरीवरचा सीओ अलार्मही सीटखाली ठेवला आहे.

'एका वीकेंडचं काम' असं दुकानवाल्यांनी म्हटलंय. आम्हाला तीन लागले, आणि त्यातला एक पूर्ण हीटर-बॉक्समध्ये गेला. पॅसेंजरच्या बाजूला कंपनीचा मूळ हीटर असेल तर त्याचे होज वळवावे लागतात.

पहिल्या दिवशी गाडी चालवली आणि मी खूश. स्टिअरिंग हलवलं की नाक लगेच ऐकतं, मधला तो विचार करण्याचा क्षण गेलेला. दोन आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटले.

नंतर गाडी डावीकडे ओढायला लागली. आधी वाटलं हवा कमी असेल. मग एके दिवशी बॉनेट उघडलं तर उजव्या प्लेटच्या कडेने फायरवॉलच्या रंगाला केसाएवढी तडे गेलेली रेघ. बोल्टांवर मी टॉर्क दिल्यावर पांढऱ्या पेंटची खूण ओढते, ही कामावरची सवय. चारपैकी दोन बोल्टांच्या खुणा तुटल्या होत्या. प्लेट हलत होती.

कारण समजायला मला खरं तर वेळ लागायला नको होता. सबफ्रेम रबरावर. रबर दबतं, सबफ्रेम हलते. मी तिच्यापासून बॉडीपर्यंत एक ताठ दांडा टाकला, जो हलायला तयार नाही. मग जो भार आधी सगळ्या माउंटांत वाटला जायचा तो सगळा त्या दोन पाइपांनी अंगावर घेतला. कुटुंबात एकच जण कामाचा निघाला की होतं तसं. दुसरी चूक याहून लाजिरवाणी. सबफ्रेम बॉडीला सरळ आहे का हे मी तपासलंच नव्हतं. या सबफ्रेममध्ये आणि बॉडीत त्यासाठी जुळणीची भोकं दिलेली असतात, त्यांतून सरळ सळई गेली पाहिजे. माझी सळई डाव्या बाजूला गेली, उजवीकडे अडली. जवळपास पाच मिलिमीटर तिरकी. जुनं रबर एका बाजूने बसलं होतं, आणि मी ब्रेस आवळून तो तिरकेपणा कायमचा पक्का केला होता.

हे दोन्ही मुद्दे सूचनापत्रकात पहिल्या ओळीत हवे होते. नव्हते. पण मी रोज हेच करून पोट भरते, त्यामुळे निम्मा दोष माझ्या पदरात.

जुलैमध्ये सगळं उतरवलं. रबर काढून अॅल्युमिनियमचे सॉलिड माउंट घातले, सळया घालून सबफ्रेम सरळ केली, आणि त्याच वेळी पुढची सबफ्रेम आणि मागच्या फ्रेम रेल यांना जोडणारे सबफ्रेम कनेक्टरही टाकले. सगळ्यात शेवटी, चारही चाकं जमिनीवर असताना, फायरवॉलचे पाइप. ३/८ इंची ग्रेड ८ बोल्ट आहेत, मी ४५ फूट-पाउंडला आवळले. शंभर मैलांनी पुन्हा पाना लावून पाहिला. एकही हलला नव्हता.

फरक मोजायचा म्हणून मी गरिबाची पद्धत वापरली. पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावून सबफ्रेम उचलायची आणि दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट किती बदलते ते ड्रिल बिटांच्या मागच्या टोकांनी मापायचं. अगदी आधी, मूळ स्थितीत, फट सुमारे अडीच मिलिमीटरने बदलायची. नुसते ब्रेस, रबर तसंच ठेवून: दोन. सॉलिड माउंट आणि कनेक्टर घातल्यावर, ब्रेसचे बोल्ट न लावता: सव्वा. सगळं एकत्र: अर्ध्या मिलिमीटरच्या आत, माझ्या ड्रिल बिटांना पकडता न येण्याइतकं. प्रयोगशाळेचे आकडे नाहीत हे, एका ड्राइव्हवेचे आहेत. पण क्रम कळायला पुरे. ७८० डॉलर आधी माउंट आणि कनेक्टरवर खर्च केले असते तर निम्म्याहून जास्त फायदा तिथेच मिळाला असता, फायरवॉल शाबूत ठेवून.

मग ब्रेसने दिलं काय? दिलं, आणि ते दुसऱ्या कशाने मिळालं नसतं. आय-७५वरच्या त्याच सांध्यांवर आता आरशातला ट्रक एकच दिसतो. ड्राइव्हवेतून तिरकं उतरताना दार गप्प. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, पाच-सात मैलांच्या वेगाने अख्खी दुपार रांगेत रांगले, तिथे अर्थातच काही उपयोग नव्हता. तिथे उपयोग असतो तो फक्त चालू एसीचा. खरी गंमत पार्किंग लॉटमधल्या ऑटोक्रॉसला आली. कोनांच्या मधून डावी-उजवी-डावी करताना आधी गाडी दोन हप्त्यांत वळायची, आधी पुढचं अंग, मग बाकीची. आता एकरकमी वळते. वेळ किती कमी झाली विचाराल तर फारशी नाही. मला चुका लवकर कळायला लागल्या, एवढंच.

आता रोजचा जाच. एलएसमध्ये ड्रायव्हरच्या बाजूचे सिलिंडर १, ३, ५, ७ असे मागे जातात, आणि सात नंबरचा प्लग बरोबर पाइपाच्या बगलेत येतो. आठ नंबरचं पलीकडे तेच. प्लग बदलायचे तर पाइप सोडावा लागतो, म्हणजे पुन्हा टॉर्क, पुन्हा खुणा. ब्रेक बूस्टर आणि पाइप यांत माझी करंगळी जाते, अंगठा जात नाही. मोठा बूस्टर असेल तर घेण्याआधी मोजा. उंच माणसाच्या गुडघ्याला डॅशखालचा पाइप लागतो. माझ्या नवऱ्याने त्यावर फोम गुंडाळलाय, तो दिसायला भयंकर आहे आणि तसाच राहणार आहे.

आणि आवाज. १९०० आरपीएमला डॅशमधून एक घुमणारी गुणगुण येते. व्ही-८चे एका फेऱ्यात चार स्फोट, म्हणजे १९०० आरपीएमला सेकंदाला साधारण १२७. आधी ही थरथर रबरात मरायची, आता पाइपांतून थेट डॅशच्या पत्र्यात येते आणि पत्रा त्याच सुराला गातो. ब्यूटाइलची मॅट चिकटवल्यावर निम्मी झाली. उरलेल्या निम्मीत मी गिअर बदलते.

कायद्याचं: मिशिगनमध्ये खाजगी गाडीची वार्षिक तपासणी नसते, त्यामुळे इथे कुणी विचारत नाही. हे वाचून पुण्यात जुन्या गाडीला असलं काही करावं वाटलं तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) वाचा आणि आरटीओत विचारा. आणखी एक, हा रोल केज नाही. गाडी उलटली तर डोक्यावर याचं काहीही नसतं. दुकानाच्या जाहिरातीतला फोटो बघून तसं वाटू शकतं.

कुणी घ्यावा: सॉलिड माउंट आणि कनेक्टर आधीच घातलेले, रुंद टायर, वळणांची हौस, आणि मूळपणाची फिकीर नसलेली गाडी. केज वेल्ड करून घेणार असाल तर घेऊ नका, तेव्हा वेल्डच करा, जास्त ताठ होईल. नुसती रविवारी आइस्क्रीम खायला नेत असाल तर रबर नवीन घाला आणि उरलेल्या पैशांत वर्षभर आइस्क्रीम खा.

रंगाच्या तड्याचे, सळईचे, तुटलेल्या खुणांचे फोटो मी दुकानाला पाठवले होते. मालकाचा तिसऱ्या दिवशी फोन आला. माणूस सज्जन, नव्या दोन प्लेटा फुकट पाठवल्या, त्याही कोपरा गोल केलेल्या. पत्रकात सॉलिड माउंटबद्दल एक ओळ घाला म्हटलं, तर म्हणाला, ते तर सगळ्यांना माहीतच असतं, लिहायचं कशाला. म्हणून मी लिहिलं.